सहा जणांनी सांगितलं होतं

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर कुणीतरी विचारलं, पाण्याची टाकी धुऊन देणारा माणूस माहीत आहे का. पहिल्यानं एक नंबर दिला. तिथंच काम संपायला हवं होतं. पण दुपारपर्यंत लोक तोच नंबर देत राहिले. कुणी त्याच्यापुढे ‘चांगला माणूस आहे’ असं जोडलं, कुणी ‘बिनधास्त बोलवा’ म्हणालं. मी एकेकाला फोन लावून विचारलं, तुमची टाकी त्यानं धुतली होती का? एकाच्याही घरी तो आलेला नव्हता. सगळ्यांनी वरचा नंबर खाली उतरवला होता. मी ग्रुपवर चार खरमरीत वाक्यं लिहिली. तेव्हापासून जिन्यात भेटणारी माणसं माझ्याशी जपून बोलतात. सून म्हणाली, “आई, टाकीवरून कुणी एवढं चिडतं का?”

मी टाकीवरून चिडले नव्हते. पण ती गोष्ट सुनेला सांगायला बसले असते तर भाजी करपली असती. मग या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा म्हटलं, हीच लिहू. नोकरीत कधी रुजू झाले, बढती कधी मिळाली, यात कुणाला रस असेल असं वाटत नाही. मला स्वतःलाही नाही.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आजूबाजूला घराघरात माग होते. वाचनालयात बसून कुणाशी बोलायचं तर आवाज चढवावा लागे, आणि ती सवय मला घरीही नडली. वाचायला येणारे तेलुगू बोलत, कानडी बोलत, दखनी बोलत आणि माझ्याशी मराठी बोलत. ग्रंथपालाचं काम म्हणजे पुस्तकं देणं-घेणं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं काम म्हणजे लोकांच्या प्रश्नांना तोंड देणं. शाईचा डाग कशानं जातो, रेशनकार्डावरचं नाव कुठं बदलून मिळतं, मुलाला रात्रीच्या शाळेत कधी घेतात. “बाई, पुस्तकात बघून सांगा की,” असं म्हणून माणूस समोर उभा राही, आणि पुस्तकात ते नसे.

त्यातून मी फळा सुरू केला. व्हरांड्यात भिंतीला एक मोठा काळा फळा टांगला. सोमवारी वर एक प्रश्न लिहायचा, आठवडाभर लोकांनी खाली उत्तरं लिहायची. खडू सुतळीला बांधलेला. ज्याला लिहिता येत नाही त्यानं मला सांगायचं, मी त्याच्या नावानं लिहायचं. शनिवारपर्यंत फळा भरून जाई. रस्त्यानं जाणारे सायकलवरून पाय टेकून वाचत. मला त्या फळ्याचा फार अभिमान होता. आजही आहे, राग आहे तो माणसांचा.

फळ्याशी कसं वागावं हे न सांगता कळणारा एकच माणूस मी पाहिला. कोंडिबा त्याचं नाव, करकंबचा शेतकरी. धाकटा भाऊ इथं मागावर कामाला, त्याला भेटायला आला की फळ्यापुढे उभा राही. वरपासून खालपर्यंत सगळी उत्तरं वाची आणि जायला निघे. एकदा मी म्हटलं, “कोंडिबा, तुम्हाला माहीत असेल तर लिहा की काहीतरी.”

“मला ठावं हाय ते ह्या मानसानं लिवलंय की,” तो म्हणाला. “मग मी आनि कशाला खडू झिजवू?”

एवढं साधं आहे ते. दुसऱ्यानं सांगितलेलं तुम्हाला पटलं, तर मान हलवा आणि घरी जा. तुमच्याकडे त्याहून जास्त काही असेल तर तेवढंच लिहा. पण आमच्याकडच्या बाकीच्यांना ते जमत नव्हतं, कारण उत्तराखाली नाव यायचं. रस्त्यावरच्या फळ्यावर आपलं नाव आठवडाभर राहतं आणि जाणारा-येणारा ते वाचतो, ही चटक फार वाईट. उत्तर माहीत नसलं तरी नाव मात्र प्रत्येकाला होतं.

त्यात दोघे पट्टीचे होते. एक समोरच्या सायकल दुकानाचे मालक चन्नप्पा. पंक्चर काढता काढता रस्त्यापलीकडून फळा वाचायचे आणि हात पुसून यायचे. वरच्याच उत्तराला ‘माझ्या अनुभवाप्रमाणे’ असं शेपूट लावायचे. दुसरे कोर्टातून निवृत्त झालेले नाझरकाका. त्यांचं अक्षर सुरेख होतं आणि उत्तर कायम एकच असे, ‘वरीलप्रमाणेच. पूर्ण सहमत.’ प्रश्न ढेकणांचा असो की पोरीच्या लग्नाचा, नाझरकाका पूर्ण सहमत.

एकदा कुणीतरी करकंबला जाणारी शेवटची एसटी कितीला सुटते असं विचारलं. एकानं जुनी वेळ लिहिली. खाली तिघांनी तीच वेळ लिहिली, एकानं ‘नक्की’ असंही घातलं. नेमका कोंडिबा त्या भरवशावर स्टँडवर गेला. गाडी केव्हाच गेली होती, त्याला भावाच्या खोलीवर मुक्काम करावा लागला. दुसऱ्या दिवशी तो फळ्यापुढे आला आणि मला म्हणाला, “बाई, चौगांनी लिवलं म्हनून इसवास ठेवला. ह्या चौगातलं करकंबला कोन कवा गेलंय का?”

कोणीच गेलं नव्हतं. मी त्याच दिवशी आमच्या कार्यवाहांकडे गेले. ते वकील होते आणि संध्याकाळी तासभर वाचनालयात बसत. मी म्हटलं, फळ्यावर नियम लिहू या. एकदा आलेलं उत्तर पुन्हा लिहायचं नाही. स्वतः केलेलं, पाहिलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहायचं, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणायचं.

कार्यवाह हसले. “अहो बाई, लोकांचा हिरमोड होईल. फळा कसा भरलेला दिसला पाहिजे. परवा नगरसेवकसुद्धा कौतुक करत होते.”

“एकच गोष्ट चारदा लिहून भरलाय तो.”

“मग काय बिघडलं? चौघांनी सांगितलं की माणसाला धीर येतो.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. धीर येतो, हे अगदी खरं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी यादगिरी आला. हा सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला होता, त्याची बायको सत्यम्माही तिथंच. हे काम बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. टॉवेल-चादरीचं सूत रंगवताना काही रंग नुसत्या पाण्यात विरघळत नाहीत, त्यात कास्टिक घालावं लागतं. पांढरे खडे असतात. पाण्यात टाकले की पाणी आपोआप तापतं आणि अंगावर उडालं की कातडी खातं. बायका सुताच्या लड्या त्या पाण्यात हातानं खालीवर करायच्या. तेव्हा हातमोजे कुणी देत नव्हतं. सत्यम्माच्या दोन्ही हातांची कातडी सोलवटून निघाली होती. यादगिरीला तेलुगू वाचता येई, मराठी नाही. त्यानं मला प्रश्न सांगितला आणि मी फळ्यावर लिहिला, ‘कास्टिक अंगावर उडाल्यास लगेच काय करावं?’

पहिलं उत्तर हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बिराजदार सरांचं. त्यांनी लिहिलं, कास्टिक हे अल्कली आहे, लिंबू आम्ल आहे, त्यामुळे लिंबाच्या रसानं त्याचा जोर कमी व्हायला हवा, हातावर थोडं लावून पाहावं. सरांचं पुस्तकातलं गणित बरोबर होतं, माणसाच्या कातडीवर ते त्यांनी कधी करून पाहिलं नव्हतं. तसं त्यांनी म्हटलंही नव्हतं.

मंगळवारी चन्नप्पांनी लिहिलं, ‘लिंबू पिळावे. माझ्या अनुभवाप्रमाणे लगेच गुण येतो.’ पाठोपाठ नाझरकाका आले, ‘वरीलप्रमाणेच. लिंबू सर्वोत्तम. पूर्ण सहमत.’ मग आणखी तिघे आले आणि तिघांनीही लिंबूच लिहिलं. एकानं तर ‘हात असो वा कोणताही भाग’ अशी भर घातली. सरांचं ‘व्हायला हवा’ आणि ‘लावून पाहावं’ गुरुवारपर्यंत कुठल्या कुठं गेलं होतं. राहिलं ते फक्त लिंबू.

शुक्रवारी शांतासिस्टर मासिक बदलायला आल्या. त्या दवाखान्यात भाजलेल्यांच्या वॉर्डात होत्या. फळा वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी खडू घेतला आणि सगळ्यात खाली, जेमतेम उरलेल्या जागेत लिहिलं, ‘लिंबू अजिबात नको. फक्त पाणी. भरपूर पाणी, दवाखान्यात पोचेपर्यंत.’

शनिवारी यादगिरी उत्तरं ऐकायला आला. मी सगळी वाचून दाखवली. तो बोटं मिटत होता. मी म्हटलं, “यादगिरी, शेवटचं ध्यानात ठेव. सिस्टर रोज अशी माणसं बघतात. त्यांचं ऐक.”

“बाई, पाणी सांगणारं एक माणूस हाय,” तो म्हणाला. “लिंबू सहा माणसं सांगतात.”

“सहा नाहीत रे. एकाचंच बाकीच्यांनी उतरवलंय.”

“वेगळी वेगळी माणसं हायत की. सायकलवाले हायत, कोर्टातले काका हायत. सहा माणसं खोटं कशाला बोलतील?”

मी त्याला पुन्हा सांगितलं, मग सिस्टरांचं नाव घेऊन तिसऱ्यांदा सांगितलं. तो हो हो म्हणाला. लोक हो हो म्हणतात तेव्हा त्यांचं ठरलेलं असतं. जाताना त्यानं कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून लिंबं घेतली. मी खिडकीतून पाहत होते.

दिवाळीच्या आधी कारखान्यात घाई होती. कुणीतरी कास्टिकचा मोठा खडा बादलीत टाकला आणि पाणी उसळून सत्यम्माच्या डाव्या डोळ्यात गेलं. ती बसली होती तिथून हाताच्या अंतरावर हौद होता. रंगखान्यात पाण्याला काय तोटा? तोंड हौदात बुडवलं असतं तरी चाललं असतं. पण यादगिरी कोनाड्यात आणून ठेवलेलं लिंबू घ्यायला धावला. मग सुरीसाठी धावला. लिंबू कापून त्यानं तिच्या डोळ्यात पिळलं. ती ओरडून हात झाडायला लागली तेव्हा त्यानं शेजारच्या माणसाला तिचे हात धरायला लावले आणि दुसरं लिंबू पिळलं. तो तिला सांगत होता, सोस, सहा जणांनी सांगितलंय.

हे मला शांतासिस्टरांनी सांगितलं. सत्यम्माला त्यांच्याच दवाखान्यात नेलं होतं. सिस्टर म्हणाल्या, लगेच पाणी मारत राहिले असते तर डोळा बराचसा वाचला असता. आता तो गेला. एवढं सांगून त्या टेबलावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “बाई, मी लिहिलं होतं ना?”

मी वाचनालयाला कुलूप लावलं आणि रस्ता ओलांडला.

चन्नप्पा ट्यूबला हवा भरत होते. मी विचारलं, “कास्टिकवर लिंबू तुम्ही कधी लावलं होतं?”

“न्हाई की बाई. आमचा आन् कास्टिकचा काय संबंध?”

“मग ‘माझ्या अनुभवाप्रमाणे’ कसं लिहिलंत?”

“तसं लिवायची पद्धत हाय की,” ते म्हणाले. त्यांना खरोखर कळत नव्हतं मी काय विचारते आहे. “सर शिकलेले हायत, त्यांनी सांगितलं म्हनून आमी सांगितलं. आमी काय वाईट सांगायला गेलो का? मदतच केली की.”

मी त्यांना म्हटलं, तुमच्या मदतीनं एका बाईचा डोळा गेला. त्यांनी हवा भरणं थांबवलं. वाईट वाटलंच त्यांना. पण मग म्हणाले, “एकट्या माज्यामुळं कसं म्हनता बाई? सगळेच सांगत होते की.”

नाझरकाका घरी होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा ठेवायला सांगितलं आणि शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी नवीन असं काहीच सांगितलेलं नाही. आधीच सांगितलेल्या गोष्टीला सहमती दर्शवली. त्यामुळे माझ्यावर जबाबदारी येत नाही.”

मी चहा न घेता उठले. आयुष्यभर कागदांवर शिक्के मारून माणूस असा होतो का, मला माहीत नाही. पण त्या एका वाक्यात मला सगळं रोगाचं मूळ दिसलं. दुसऱ्याचं उत्तर पुन्हा सांगणाऱ्याला वाटतं, आपण फक्त री ओढली, आपलं त्यात काही नाही. अहो, तुमचं नाव आहे त्यात. ऐकणारा डोकी मोजतो. त्याला काय ठाऊक, सहा डोक्यांपैकी एकच चाललं होतं आणि तेही अंदाजानं? तुम्ही कोंडिबासारखे गप्प राहिला असता, तर फळ्यावर एक लिंबू आणि एक पाणी राहिलं असतं. मग यादगिरीनं मला विचारलं असतं, दोघांतलं कुणाचं ऐकू. आणि माझं म्हणणं त्याला पटलं असतं. निदान पटायला जागा होती. ती जागा तुम्ही पाच जणांनी खडूनं भरून टाकलीत.

हे मी तेव्हा नाझरकाकांना बोलले नाही. त्यांच्या वयाकडे बघून गप्प बसले. त्याचा मला आजही राग येतो, म्हणून इथं लिहिते आहे.

बिराजदार सर दुसऱ्या दिवशी आपणहून आले. त्यांचा चेहरा उतरला होता. “मी ‘लावून पाहावं’ असं लिहिलं होतं,” ते म्हणाले, “आणि डोळा म्हटलंच नव्हतं.” मग स्वतःच म्हणाले, “पण मी ते लिहायलाच नको होतं.” मला त्यांचाही राग आला होता, पण त्यांनी निदान चुकीचा का होईना स्वतःचा विचार केला होता. सर यादगिरीच्या घरी गेले, नंतरही जात राहिले. बाकीच्या पाचांतला कुणी गेला नाही. कशाला जातील? त्यांच्या मते सांगितलं होतं ते सरांनी.

मी कार्यवाहांना न विचारता फळ्याच्या माथ्यावर तेलरंगानं नियम लिहिला. आधी आलेलं उत्तर पुन्हा लिहू नये. स्वतः केलं असेल तरच स्वतःचं म्हणावं. कार्यवाहांनी मला बोलावून घेतलं, विनापरवानगी फळा खराब केल्याबद्दल ताशेरे ओढले. मी म्हटलं, मला काढून टाका. त्यांनी काढलं नाही. कास्टिकचा प्रश्न मी दिवाळीभर फळ्यावर तसाच ठेवला होता, पण खालची सगळी उत्तरं पुसून सिस्टरांचं तेवढं वर, प्रश्नाखाली घेतलं होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस सत्यम्मा आली. वाचनालयाची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती. डोळ्यावर पट्टी, हातांना अजून खपल्या. रंगखान्यानं तिला काढलं होतं, आता घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. सुताचा धागा तुटला की एका डोळ्यानं लवकर दिसत नाही, असं म्हणाली. यादगिरी पायरीखाली उभा होता, वर आला नाही.

“बाई, तुमच्या फळ्यावर माजं लिवा,” ती म्हणाली.

मी खडू घेतला. तिनं सांगितलं तसं लिहिलं, ‘लिंबू घालू नका. मला घातलं. डोळा गेला. सत्यम्मा.’ तिला मी वाचून दाखवलं. तिनं आपलं नाव कुठं आहे ते बोटानं विचारून घेतलं आणि गेली.

त्या फळ्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी स्वतः भोगलेलं लिहिलं होतं, असं मला वाटलं. मी त्या रात्री नीट झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टपालाला जाऊन आले, तर सत्यम्माच्या ओळीखाली चार ओळी वाढल्या होत्या. ‘बरोबर. लिंबू कधीही घालू नये. चन्नप्पा.’ ‘वरीलप्रमाणेच. पूर्ण सहमत,’ सुरेख अक्षरात. आणखी दोघांनी लिहिलं होतं, लिंबू अत्यंत घातक, पाणीच उत्तम. माथ्यावरचा माझा नियम त्यांच्या डोक्यावर ढळढळीत तेलरंगात होता. त्यांनी तो वाचला असणार, आणि पटलाही असणार.

 मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, तेवढ्यात सत्यम्मा कांड्यांचं टोपलं घेऊन रस्त्यानं चालली होती ती थांबली. टोपलं खाली ठेवून वर आली. आपल्या नावाखाली पांढरं वाढलेलं तिला एका डोळ्यानंही दिसलं.

“बाई, खाली काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं. नावांसकट दाखवलं, काही लपवलं नाही. ती ऐकत होती. रस्त्यापलीकडे चन्नप्पा चाकावर वाकून काम करत होते.

“ह्यांचं पण डोळं गेलं का?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

तिनं खिळ्याला टांगलेलं फडकं काढलं, व्हरांड्यातल्या माठातल्या पाण्यात बुडवून पिळलं. “माजं कुठलं तेवढं दाखवा,” म्हणाली.

मी तिच्या ओळीवर हात आडवा धरला. माझ्या हाताखालचं सगळं तिनं पुसून काढलं.